पुलाखालच्या लोकांनी बोगद्यातल्या लोकांची फिल्म पाहिली

मी हार्बर लाईनवरच्या एका स्टेशनजवळच्या ड्रॉप-इन सेंटरमध्ये नर्स आहे. सुईने नशा करणाऱ्यांसाठीचं सेंटर. कागदोपत्री त्याचं नाव लांबलचक आहे, पण येणारे लोक त्याला 'ऑफिस'च म्हणतात, 'ऑफिसला जाऊन गोळी खाऊन आलो' असं. दोन खोल्या, एक मोरी, मागे पत्र्याची शेड आणि कुणीतरी देणगीत दिलेला टीव्ही, ज्यावर एरवी क्रिकेट नाहीतर जुने पिक्चर चालू असतात. काल शनिवारी त्या टीव्हीवर आम्ही एक डॉक्युमेंटरी लावली आणि त्या दुपारी खोलीत जे बोलणं झालं ते विसरायच्या आत लिहून काढतेय. कुणाचंही नाव देत नाहीये, ओळख पटेल अशा एकदोन गोष्टीही बदलल्यात.

आधी आमचं काम सांगते, नाहीतर पुढचं नीट कळणार नाही. सकाळपासून ओएसटीची, म्हणजे गर्दऐवजी औषधाची गोळी देण्याच्या उपचाराची लाईन लागते. गोळी असते ब्युप्रेनॉर्फिनची, तिचा चुरा करून जिभेखाली ठेवायचा, गिळायचं नाही, बोलायचं नाही, काही मिनिटांनी जीभ वर करून मला दाखवायची आणि मग रजिस्टरवर सही नाहीतर अंगठा. ही घेतली की दिवसभर टर्की येत नाही. टर्की म्हणजे माल मिळाला नाही की जे होतं ते, नाकडोळे गळतात, हाडं आतून ठणकतात, जुलाब, उलट्या, रात्रभर डोळ्याला डोळा नाही. गर्द सोडायची मनापासून इच्छा असलेला माणूससुद्धा या टर्कीपायी परत पुडी घ्यायला जातो, मजा मारायला नाही जात. गोळीवर असलेला माणूस झिंगत नाही, हमाली करतो, नाक्यावर उभा राहतो, गावी पैसे पाठवतो. 'एक नशा सोडवून दुसरी लावता' हे आम्हाला नातेवाईकही ऐकवतात आणि चांगले शिकलेले लोकही ऐकवतात. त्यांना मी म्हणते, एकदा सकाळी या आणि एकाच माणसाशी दोनदा बोला, गोळीच्या आधी एकदा आणि तासाभराने एकदा.

जे अजून गोळीवर नाहीत त्यांना आम्ही नव्या सुया-सिरिंज देतो आणि वापरलेल्या मोजून परत घेतो. याच्यावरही लोक चिडतात. पण एकाची सुई दुसऱ्याने टोचली की एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी दोन्ही पसरतात, आणि हे आजार पुलाखालच्या माणसापाशीच थांबत नाहीत, त्याच्या बायकोपर्यंत जातात, तिच्या पोटातल्या मुलापर्यंत जातात. २०१९ मध्ये केंद्र सरकारसाठी एम्सने केलेला सर्व्हे आला, त्यात देशात सुईने नशा करणारे साडेआठ लाखांच्या आसपास आहेत असा अंदाज होता. त्यातले आमच्याकडे येतात ते मूठभर, पण येतात, उन्हातान्हात चालत येतात.

तर काल. सकाळपासून धो धो पाऊस, हार्बर उशिराने, मग बंद, रस्त्यावर पोटरीभर पाणी. गोळी घेऊन झालेली माणसं कुठे जाणार, सगळी आतच थांबली. मास मीडिया शिकणारी एक मुलगी आमच्याकडे शनिवारी मदतीला येते, तिच्या लॅपटॉपवर 'डार्क डेज' नावाची फिल्म होती. २००० सालची, ब्लॅक अँड व्हाईट. आपल्याकडे ती फारशी कुणी पाहिलेली नाही, मीही तिच्याकडूनच पहिल्यांदा नाव ऐकलं होतं आणि आठवड्यापूर्वी घरी बसून पाहिली होती. न्यूयॉर्कमध्ये मॅनहॅटनच्या पश्चिम बाजूला एका बागेच्या खालून रेल्वेचा बोगदा जातो, त्या बोगद्यात वर्षानुवर्षं लोक राहत होते. मालगाड्या बंद पडल्यावर बोगदा रिकामा पडला, लोकांनी आत प्लायवूडची घरं बांधली, मग १९९१ मध्ये तिथून पॅसेंजर गाड्या सुरू झाल्या तरी लोक तिथेच. बरेच जण क्रॅक, म्हणजे कोकेनचे खडे ओढणारे. मार्क सिंगर नावाचा इंग्लंडहून आलेला तरुण मुलगा त्यांच्यात जाऊन राहिला. त्याने त्याआधी आयुष्यात फिल्म केलेली नव्हती. फिल्म करायची कल्पनाही बोगद्यातल्याच एकाची, आणि लाईट लावणं, कॅमेरा सरकवायची गाडी बनवणं, आवाज घेणं, ही सगळी कामं तिथे राहणाऱ्यांनीच केली. पुढे सनडान्स फेस्टिव्हलमध्ये तिला तीन बक्षिसं मिळाली.

लावायची की नाही यावर काल आमच्यात थोडं बोलणं झालं. फिल्ममध्ये लोक कॅमेऱ्यासमोर क्रॅक ओढतात, आणि ज्याने नुकतंच सोडलंय त्याला पन्नी, म्हणजे गर्द ओढायचा चंदेरी कागद, पेटवण्याचा नुसता आवाज आला तरी तलफ येते, हे आम्ही रोज बघतो. काउन्सेलर सर नको म्हणत होते. आमचा फील्डवरचा जो पोरगा आहे, ज्याने स्वतः कित्येक वर्षं गर्द ओढलाय आणि आता रात्री-बेरात्री रुळाकडेला जाऊन दुसऱ्यांना घेऊन येतो, तो म्हणाला की सर, ही माणसं इथून बाहेर पडली की दहा पावलांवर कुणीतरी पीतच बसलेलं असतं, फिल्मने काय वेगळं होणार, उलट आधी सांगून लावू आणि मी दारात बसतो. तसंच ठरलं. सगळ्यांना आधी सांगितलं की यात ओढताना दाखवलंय, ज्याला नको वाटेल त्याने उठून शेडमध्ये जायचं, चहा तिथे आहे. आणि खरंच तसा सीन आला तेव्हा दोघं उठून गेले, एकाने तर जाता जाता 'पुढे ढकला ना हे' म्हणून सांगितलं. पोरगा त्यांच्यासोबत शेडमध्ये बसला, पत्त्यांचा डाव मांडला. तलफ आली की ती वीस-पंचवीस मिनिटं फार जोरात असते आणि तेवढा वेळ माणूस कुणाच्यातरी सोबत बसला तर बरेचदा निघून जाते. दोघंही परत आत येऊन बसले.

फिल्म इंग्लिश, आमचे लोक हिंदी आणि मराठी, सबटायटल वाचणारे मोजके. म्हणून मास मीडियावाली मुलगी पॉज करून हिंदीत सांगायची आणि मी मधूनमधून मराठीत, कारण मागे शिवडी-लालबागकडचे काही जण बसतात ते मराठीच बोलतात. त्यामुळे साधारण दीड तासाची फिल्म बघायला दुपार गेली. पण तो वेळ फिल्मपेक्षा बोलण्यातच जास्त गेला.

सुरुवातीला मला वाटलं होतं की 'अरे यांचं पण आपल्यासारखंच' असं काहीतरी निघेल. तसं कुणी काही बोललंच नाही. पहिला प्रश्न आला तो वायरचा. आमच्याकडे एक जण आहे, आयटीआयमधून वायरमनचा कोर्स केलेला, चाळीत वाढलेला, पन्नाशीच्या जवळपासचा, सगळे त्याला वायरमनच म्हणतात. बोगद्यातल्या एका घरात दिवा, हिटर, टीव्ही सगळं चालू दिसलं आणि हा उठून टीव्हीच्या अगदी जवळ गेला.

"सिस्टर, थांबवा जरा. लाईन कुठून घेतलीये यांनी?"

मुलीने सांगितलं, शहराच्या लाईनवरून ओढलीये, फुकट.

"ते दिसतंय. पण हिटर चालवतायत म्हणजे लोड बघा किती. तिकडे व्होल्टेज किती असतं?"

मुलीने मोबाईलवर बघून सांगितलं, एकशेवीसच्या आसपास.

"मग तर करंट दुप्पट ओढणार. आपल्यापेक्षा जाड वायर लागणार, नाहीतर वितळेल. ज्याने हे केलंय तो कारागीर आहे."

हे तो ज्या पद्धतीने म्हणाला ना, ते ऐकून मी हातातलं काम थांबवलं. गोळी घ्यायला येतो तेव्हा हाच माणूस मान वर करून बोलत नाही. काल मात्र टीव्हीसमोर उभं राहून सगळ्यांना समजावत होता की प्लायवूडच्या भिंतीवरून उघडी वायर नेली तर काय होतं, पाईप नसेल तर निदान लाकडी पट्टीवरून कशी न्यायची. आणि बाकीचे ऐकत होते, प्रश्न विचारत होते.

दुसरं बोलणं झालं ते भंगारावरून. फिल्ममध्ये एक जण कचऱ्यातून वस्तू उचलून विकतो, डबे-बाटल्या गोळा करतो. न्यूयॉर्क राज्यात कायद्यानेच रिकाम्या डब्यावर पाच सेंट परत मिळतात, १९८० च्या दशकापासून. डबा कुणी विकत घेतला, कुणी फेकला, काही फरक पडत नाही, जो परत नेऊन देईल त्याला पैसे. हे सांगितल्यावर जो गदारोळ झाला. आमच्यातले निम्मे भंगार वेचतात. भंगारवाला वजन कसं मारतो, पाऊस पडला की पुठ्ठा ओला म्हणून भाव कसा पाडतो, पेट बॉटलचं झाकण काढून वेगळं दिलं तर किती जास्त मिळतात, सगळं निघालं. एक जण एवढंच म्हणाला, "म्हणजे तिकडे डब्याचा रेट सरकारने लिहून ठेवलाय, भांडायला नको." आणि मग त्याने बोटांवर हिशोब केला की दिवसाला किती डबे उचलले तर भागेल.

मी हे सगळं ऐकत होते ते ड्रेसिंग करता करता. जखमा काही फिल्म संपेपर्यंत थांबत नाहीत. विशीतला एक मुलगा आहे, एव्हिलचं, म्हणजे अॅलर्जीवरच्या औषधाचं इंजेक्शन मिसळून मारायचा, त्याने शिरा जळतात, मग हाताच्या संपल्या की पायाच्या, मग जांघेतल्या. त्याच्या उजव्या पोटरीवर तळहाताएवढा व्रण आहे, कडा पांढऱ्या आणि जाड झालेल्या, मधला भाग कधी लाल असतो आणि कधी पिवळट. जुनी पट्टी सुकून चिकटते, ती ओढायची नाही, आधी सलाईनने भिजवायची, पाच मिनिटं तशीच ठेवायची, मग एका कोपऱ्यापासून हळूहळू सोडवायची, मध्ये कापसाचा धागा राहिला तर चिमट्याने काढायचा. काल तळाशी पहिल्यांदा लाल दाणेदार मांस दिसलं, म्हणजे भरायला लागलंय. त्याला दाखवलं, बघ म्हटलं, तर त्याची नजर टीव्हीवरून हलेना. बोगद्यातला एक माणूस वरून गळणाऱ्या पाईपखाली उभा राहून अंघोळ करत होता. "सिस्टर, थंडीत आहे ना हे? वाफ निघतेय त्याच्या तोंडातून." मग थोडा वेळ थांबून, "तरी रोज अंघोळ करतो बघा." या मुलाला एका मोठ्या हॉस्पिटलच्या ओपीडीत जखमेच्या वासामुळे तासन् तास बाहेर बसवून ठेवलं होतं, शेवटी तो न दाखवताच निघून आला होता. आता आमच्या मोरीत तो रोज अंघोळ करतो, स्वतःचा साबण कागदात गुंडाळून आणतो.

बायका आमच्याकडे फार कमी येतात. नशा करणाऱ्या बायका नसतात असं नाही, पण पुरुषांच्या लाईनीत उभं राहायची हिंमत कोण करणार, आणि कुणी ओळखीच्याने पाहिलं तर मूल काढून घेतील ही भीती असते. एक मावशी येते. काल ती दाराजवळच्या खुर्चीत पदर तोंडाशी धरून बसली होती. फिल्ममध्ये एक बाई आहे, तिची दोन मुलं आगीत गेली. ती ते सांगते तेव्हा मी मराठीत सांगायला लागले आणि मावशीने हाताने थांब केलं. "कळलं मला. सांगू नको." भाषा तिला कळत नाही, पण कळलं असणारच. नंतर तिने विचारलं की या बाईला झोपायला कुणाच्या घरात मिळायचं. मी सांगितलं की फिल्ममध्ये ती दुसऱ्या एकाच्या घरात राहते, तिचं स्वतःचं घर जळालं. मावशी म्हणाली, "बाईला कुणाच्यातरी घरात राहायला लागलं की तिथली किंमत मोजावी लागते." याच्यावर खोलीत कुणी काही बोललं नाही, आणि मला वाटतं बोलू नये हेच बरोबर होतं, कारण तिथल्या पुरुषांमधल्या कितीजणांना ते स्वतःचं वाटलं असेल कोण जाणे. पुढच्या आठवड्यापासून बायकांसाठी सकाळची वेगळी वेळ ठेवायची असं मी आणि काउन्सेलर सरांनी कालच ठरवलं. आधीच करायला हवं होतं असं कुणीही म्हणेल, पण दोन नर्स लागतात त्याला आणि आहे एकच. आता मास मीडियावाल्या मुलीला शिकवून रजिस्टर तिच्याकडे देणार आहे.

मग तो भाग आला. रेल्वे कंपनी ठरवते की बोगदा रिकामा करायचा, हत्यारबंद पोलीस येतात, लोकांना मुदत मिळते. इथे मात्र कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. "गाडी आली" एवढंच मागून ऐकू आलं. आमच्या लोकांचं अर्धं आयुष्य या गाडीच्या भीतीत जातं. पहाटे पुलाखाली, फुटपाथवर गाडी येते, ताडपत्री, भांडी, गोधड्या, सगळं उचलून आत टाकतात, दहा मिनिटांत जागा साफ. लोकांना वाटतं की कचरा गेला. त्या कचऱ्यात पिशव्या असतात. पिशवीत आधार कार्ड असतं, रेशनचा कागद असतो, टीबीच्या गोळ्यांची पाकिटं असतात. आमच्या एका माणसाची हिपॅटायटिस सी ची बाटली गेली अशीच. २०१८ पासून सरकारी कार्यक्रमात हा उपचार फुकट आहे, बारा आठवडे रोज गोळी, आणि बहुतेकजण पूर्ण बरे होतात, इतकं चांगलं औषध आहे. पण महिन्याची बाटली एकदम मिळते, आणि ती महिनाभर ठेवायची कुठे याचं उत्तर औषध लिहून देणाऱ्याकडे नसतं. त्या माणसाने दुसऱ्या महिन्यात बाटली हरवली म्हणून पुन्हा मागायला जायची लाज वाटते म्हणून जाणंच सोडलं होतं. आम्ही नंतर त्याला परत लावलं औषधावर. आता बाटली आमच्या कपाटात असते, रोज येऊन एक गोळी घेऊन जातो.

फिल्मच्या शेवटाकडे कोअॅलिशन फॉर द होमलेस नावाची तिथली संस्था मध्ये पडते आणि त्या लोकांना सरकारी घरभाड्याची व्हाउचर मिळतात. म्हणजे भाडेकरूने आपल्या कमाईतला साधारण तीस टक्के हिस्सा भरायचा, वरचं भाडं सरकार भरतं. लोक हातोडे घेऊन स्वतःच्याच बोगद्यातल्या झोपड्या तोडतात आणि वर फ्लॅटमध्ये राहायला जातात. बोगद्यात होते ते सगळेच काही नशा सोडून बसलेले नव्हते.

इथे खोलीत जे सुरू झालं ते मला अजून ऐकू येतंय. प्रश्नावर प्रश्न. किल्ली कोणाकडे राहते, मालकाकडे की आपल्याकडे? कागद काय काय मागितले? ज्याच्याकडे काहीच कागद नाही त्याला मिळालं का? एकटा माणूस असला तरी देतात? नशा पकडली तर काढून टाकतात का? मुलीला आणि मला जेवढं माहीत होतं तेवढं सांगितलं. त्याच न्यूयॉर्क शहरात १९९२ मध्ये सॅम त्सेम्बेरिस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने सुरू केलेल्या कामाबद्दल मी सांगितलं, की आधी घर द्यायचं, नशा सोडल्याचं सर्टिफिकेट मागायचं नाही, उपचार घराच्या दाराशी न्यायचे, आणि तशी दिलेली घरं बहुतेकांनी टिकवली. मागून एक जण म्हणाला, "बरोबर आहे, घर असलं की तर सोडणार ना." आणि दुसरा लगेच, "घर होतं तेव्हाच तर लागली तुला." हसले सगळे. पण पहिल्याचं म्हणणं मला रोज दिसतं. गोळी सुरू केलेला माणूस गळतो तो बहुतेकदा रात्री गळतो. दिवसभर कसाबसा राहतो, रात्री झोपायला जिथे जातो तिथे चार जण पन्नी पेटवून बसलेले असतात, पाऊस असतो, पोलिसांची काठी असते, आणि जागं राहायला नाहीतर झोपायला काहीतरी लागतंच. आपण मात्र त्याला सांगतो, आधी सुधार, मग बघू. मला हे उलटं वाटतं आणि कालपासून तर फारच वाटतंय.

आपल्याकडे नियम नाहीत असंही नाही. लाख लोकवस्तीमागे बेघरांसाठी एक निवारा हवा, आणि तो चोवीस तास, बारा महिने उघडा हवा, असे सुप्रीम कोर्टाचे २०१० चे आदेश आहेत, पुढे केंद्राच्या शहरी योजनेतही तेच प्रमाण आलं. २०११ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या सव्वा कोटीच्या जवळ होती, म्हणजे सव्वाशेच्या आसपास निवारे व्हायला हवेत. तेवढे कुठे आहेत, दाखवा मला. आणि जे आहेत त्यातल्या बऱ्याच ठिकाणी नशा करणाऱ्याला घेत नाहीत, गोळीवर असला तरी नाही.

फिल्म संपल्यावर पाऊस जरा कमी झाला, लोक पांगले. वायरमन थांबला होता. टीव्हीची प्लग पिन सैल आहे म्हणून माझ्याकडून स्क्रू ड्रायव्हर मागून घेतला, नीट केली. मग म्हणाला, "सिस्टर, त्या निवाऱ्यात माझ्यासाठी एकदा बोलाल का? मागे गेलो होतो, गोळी चालू आहे सांगितलं तर नाही म्हणाले. खोटं सांगितलं असतं तर घेतलं असतं." मी विचारलं, मग खोटं का नाही सांगितलं? "रोज सकाळी इथे यायला लागतं ना, कळलंच असतं."

म्हणून संध्याकाळी मी, फील्डचा पोरगा आणि वायरमन, तिघं पाण्यातून चालत गेलो. केअरटेकर चांगला माणूस निघाला, कोकणातला, साठीकडे झुकलेला. चहा दिला. म्हणाला, "ताई, माझी ना नाही, पण मला वरून सांगितलंय नशेवाला नको. रात्री मी एकटा असतो. कुणाला काही झालं तर मी काय करू?" याच्यात चुकीचं काय आहे? एकटा माणूस रात्रभर पंचवीस-तीस जणांना सांभाळतो, त्याला कुणी शिकवलेलंही नाही. मी त्याला गोळी म्हणजे काय ते सगळं सांगितलं, ती आमच्यासमोरच घेतो, जवळ बाळगत नाही, हेही सांगितलं. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यातच ६४-ए कलम आहे, नशेच्या किंवा थोड्या मालाच्या गुन्ह्यात सापडलेला व्यसनी माणूस स्वतःहून उपचार घेतो म्हणाला तर त्याच्यावर खटला चालत नाही, तेही सांगितलं, म्हटलं की दादा, कायदा उपचार घेणाऱ्याला सांभाळून घेतो तर आपण का नको. तो ऐकत होता. मध्येच वायरमनने मान वर करून खोलीतल्या बोर्डाकडे बघितलं आणि विचारलं, "अर्थिंग दिलंय का याला? पावसात हाताला चटका बसत असेल." केअरटेकर म्हणाला, बसतो की, पंख्याच्या बटणाला, दोन वर्षं सांगतोय वर. मग दोघं उठून बोर्ड बघायलाच गेले आणि मी आणि पोरगा चहा पीत बसलो.

शेवटी ठरलं ते असं. आमच्या डॉक्टरांचं सहीशिक्क्याचं पत्र हवं, गोळी कुठली आणि किती वाजता ते लिहिलेलं. रात्री काही झालं तर उचलला जाईल असा फोन नंबर हवा, तो मी माझाच दिला, पोरग्याने त्याचाही दिला. आणि आधार हवं, त्याशिवाय रजिस्टरला नाव चढत नाही म्हणे. आधार गाडीने नेलं, नंबर पाठ नाही. पण बोटांचे ठसे जुळले तर आधार केंद्रात जुना नंबर सापडतो. वायरमनच्या अंगठ्याला कामाचे घट्टे आहेत, एकदोन बोटं तरी चालतील. उद्या सोमवारी सकाळची लाईन संपली की पोरगा त्याला घेऊन आधार केंद्रात जाणार आणि मी डॉक्टरांना पत्रासाठी पकडणार. कोपऱ्यातली एक खाट रिकामी आहे, ती बुधवारपर्यंत कुणाला देत नाही असं केअरटेकरने सांगितलंय. बुधवारच्या आत कागद नाही झाले तर काय, हे विचारायला उद्या दुपारी त्याला फोन करायचाय.